धरसोड

इंजिन ओरडतं, गाडी ऐकत नाही.
चाकं रेंगाळतात
जणू त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.
उसनं अवसान म्हणतात ते हेच असावं :
आवाज गल्लीभर, चुलीवर काही नाही.

देझिरेनं निदान केलं दोन मिनिटांत.
हॅन्डब्रेक ओढ, म्हणाला, तिसरा टाक,
आता क्लच सोड. सोड की!
मी सोडला.
माझी रेनो घुरघुरत राहिली, मजेत.
"बंद पडायला हवी होती," तो म्हणाला,
"धडधाकट गाडी अशा वेळी जागच्या जागी मरते.
हिला तेवढंही जमेना."

केबल दोन आटे सैल करून दिली त्यानं,
पैसे घेतले नाहीत.
फक्त माझ्या डाव्या बुटाकडे बघितलं,
तळवा एकाच जागी झिजलेला.

अकरा वर्षं पेडलवर पाय ठेवून बसलोय मी.
सिग्नलला, बाजारात,
अनोसी तळ्याच्या कडेनं पुढं हातगाडी रखडली की
पुरता दाबायचा नाही, पुरता सोडायचा नाही.
तळ्यात-मळ्यात.
लालाउ मला हेच म्हणायची,
गाडीबद्दल नव्हे.

शनिवारी मादाम हारिव्हुनी मागच्या सीटवर,
मांडीवर तीन मजली केक.
वरच्या शहरात लग्न, दहाचं.
दगडी चढाच्या मध्यावर पहिल्या गिअरनं हात टेकले.
वास आला :
व्हॅनिला आणि जळकी क्लचप्लेट, एकात एक.
"हा माझा केक नव्हे ना?" तिनं विचारलं.

मागं भोंग्यांची रांग.
पायाशी पेट्रोलची दीड लिटरची बाटली, तीही अर्धी.
आणि मला बाबा आठवले, मिठाचा ट्रक चालवायचे :
सगळ्यात ताकदीचा गिअर, पोरा,
मागं जायचा असतो.
घरंगळत, ब्रेक धरत गाडी वळवली.
कशी ते विचारू नका,
एका भिंतीचा पोपडा अजून बंपरला आहे.
रिव्हर्स टाकला.

धरलं तिनं.
रडतकुढत, पण धरलं.

पाठ डोंगराला, तोंड शहराला
असे आम्ही चढत गेलो.
मी मान मुरडून मागच्या काचेत,
मादामच्या टोपीआडून दिसेल तेवढा रस्ता बघत.
तिला मात्र समोर सगळं ताना उलगडत होतं :
लाल विटांच्या माड्या, वाळत घातलेल्या चादरी,
मधेच घुसलेली भाताची शेतं,
खाली तळं, काठची जॅकरँडा ऐन बहरात.
"चाळीस वर्षं या रस्त्यानं जाते," ती म्हणाली,
"हे कधी बघितलंच नव्हतं."
केक पुढं कलायला लागला तसा
तिनं तान्ह्यासारखा पोटाशी धरला.
शाळेचा एक पोरगा बॉनेटवर हात ठेवून
शेजारनं चालत राहिला,
मदत की गंमत, कळेना.

वर पोचल्यावर तिनं वीस हजार आरिआरी दिले,
आणि केकच्या तळमजल्यावरचं साखरेचं एक गुलाब,
मागच्या बाजूचं, जिथून कुणाला कळणार नाही.
उतरताना इंजिन बंद, नेहमीसारखं.
उतार फुकट असतो.

मंगळवारी देझिरेनं प्लेट काढून हातात ठेवली.
घासून नाण्यासारखी झालेली, रिव्हेटांची डोकी उघडी.
दुसरी बसवली, नवी नव्हे,
कुठल्याशा ठोकलेल्या गाडीतली,
पण जिच्यात अजून जीव होता.

पहिल्याच सिग्नलला
मी जरासा पाय उचलला, सवयीनं, आळसावून,
आणि तिनं धरलं.
गाडीनं उडी मारली आणि
जागच्या जागी मेली.
मागं भोंगे. मी हसत सुटलो, एकटाच.
इतक्या लवकर धरतं का कुणी?

पुन्हा सुरू केली. निघालो.
डाव्या पायाला आता कुठं जागा द्यावी कळेना.
खाली ठेवला, पत्र्यावर,
परक्याच्या घरी ठेवतात तसा,
जरा जपून.